तू लावलास की आपोआप लागला?



लग्नाच्या पंगतीत बसला असालच कधीतरी. वाढपी जिलेबीचं ताट घेऊन येतो, “घे रे, लाजतोस काय!” म्हणत दोन वाढतो. नको असेल तर आपण पानावर हात आडवा धरतो आणि तो पुढच्या पानाकडे जातो. आता असा वाढपी डोळ्यांसमोर आणा, जो विचारतच नाही. तोंडातली जिलेबी संपायच्या आत पानात दुसरी, मग तिसरी, मग मठ्ठा, मग भजी! आणि हात आडवा कुठे धरायचा तेच कुणाला ठाऊक नाही.

मोबाइलवरचा ‘ऑटोप्ले’ म्हणजे अगदी हाच वाढपी. ऑटोप्ले म्हणजे आपोआप चालू होणं. तो दोन तऱ्हांनी येतो. आपण बोटाने पान वर सरकवत असतो, तेवढ्यात समोर आलेला व्हिडिओ न विचारता हलायला लागतो, ही एक तऱ्हा. आणि एक व्हिडिओ संपला की पुढचा आपला आपण सुरू होतो, ही दुसरी.

ही सोय काही फार जुनी नाही बरं का! फेसबुकने २०१३ मध्ये तिची सुरुवात केली. ट्विटर, म्हणजे आताचं एक्स, जून २०१५ मध्ये त्याच वाटेने गेलं. त्याच वर्षी यूट्यूबवरही पुढचा व्हिडिओ आपोआप लागू लागला. त्याआधी व्हिडिओवर एक त्रिकोण दिसायचा. तो दाबला तरच चित्र हलायचं. आमच्या लहानपणी तर रविवारी दुपारी दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ लागायचा. तो संपला की संपला, पुढच्या भागासाठी थेट पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायचं. आम्ही फार शहाणी मुलं होतो म्हणून उठायचो असं नाही हं! पुढे आमच्या मतलबाचं काही नसायचं, म्हणून उठायचो.

मग कंपन्यांना हा उद्योग सुचला कशाला? जाहिरातींसाठी. आपण जितका वेळ पाहत राहू तितक्या जाहिराती दाखवता येतात. फेसबुकवर एखादा व्हिडिओ तीन सेकंद चालला, की तो ‘पाहिला’ असं बरीच वर्षं मोजत असत. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा कुणाला खरं वाटेना. मग सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि मोजलं, एक... दोन... तीन. “बाई, झालं पण?” मागच्या बाकावरून आवाज आला. झालं तर! बोट जरा थबकलं, शिंक आली, कुणी हाक मारली, तरी तेवढ्यात तीन सेकंद होतात.

शिवाय चालू झालेला व्हिडिओ डेटा खातो तो वेगळाच. मध्यम दर्जाचा व्हिडिओ तासभर चालला तर साधारण अर्धा जीबी जातो. ज्या घरात रोजचा दीड जीबी चौघांना पुरवायचा असतो, तिथे धाकट्याच्या व्हिडिओंपायी ताईचा अर्ज भरायचा राहतो. मग घरात जे काही होतं ते मी लिहायला नको.

पण आज हे लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी काही दिवस गप्प गप्प असायची. मधल्या सुट्टीत डबा तसाच. खोदून खोदून विचारल्यावर कळलं, की आईच्या मोबाइलवर ती रांगोळ्या पाहत होती. रांगोळी संपली, दुसरी लागली, आणि त्यानंतर अचानक एका अपघाताचा व्हिडिओ सुरू झाला. तिने फोन पालथा घातला खरा, पण जे दिसायचं ते दिसून गेलं होतं. रात्री झोप येईना. घरी सांगावं तर, “तू असलं बघतेसच कशाला?” असं म्हणून आई फोन काढून घेईल ही भीती.

मी तिला एवढंच विचारलं, “तू लावलास की आपोआप लागला?”

“आपोआप, बाई.”

“मग तू काहीच केलेलं नाहीस.”

तिचा चेहरा तेव्हा जो सैल झाला, तो मला अजून दिसतो. तिच्या आईशी मी बोलले, आईने तिला जवळ घेतलं. मुलांनो, असं काही तुमच्यासमोर आलं तर ते मनात कोंडून ठेवू नका. फोन पालथा घाला आणि सरळ मोठ्यांपाशी जा. आणि घरातले मोठे हे वाचत असतील तर त्यांना हात जोडून सांगणं, की रागवायच्या आधी वरचा प्रश्न विचारा.

हे फक्त लहानांचंच होतं असंही नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकेत एका माणसाने दोन पत्रकारांना गोळ्या घालून ठार केलं आणि स्वतःच काढलेला त्याचा व्हिडिओ ट्विटर आणि फेसबुकवर टाकला. ट्विटरचा ऑटोप्ले सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. बातमी वाचायला गेलेल्या कितीतरी माणसांपुढे ते दृश्य आपोआप हलू लागलं. कुणी बटण दाबलं नव्हतं. ऑटोप्ले बंद कसा करायचा, ही चौकशी तेव्हा मोठ्या माणसांनीही केली.

तर आता हात आडवा धरायचा कुठे ते पाहू. आधी एक गोष्ट. फोन आईचा किंवा बाबांचा असेल तर त्यांना शेजारी बसवा आणि मगच सेटिंग्ज उघडा. (फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर १३ वर्षांखालच्या मुलांना खातं काढताच येत नाही, हेही ध्यानात असू द्या.) फेसबुकमध्ये ‘सेटिंग्ज अँड प्रायव्हसी’, त्यात ‘सेटिंग्ज’, त्यात ‘मीडिया’. तिथे ऑटोप्लेखाली ‘नेव्हर’ असा पर्याय दिसेल, तो निवडा. एक्सवर ‘डेटा युसेज’मध्ये ऑटोप्ले सापडेल. यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना त्याच्याच वरच्या भागात एक छोटा सरकता खटका असतो. तो सरकवला की पुढचा व्हिडिओ आपोआप लागत नाही. यादी सरकवताना जे मुके व्हिडिओ हलतात, त्यांच्यासाठी सेटिंग्जमध्ये ‘प्लेबॅक इन फीड्स’ बंद करावं लागतं. कंपन्या या जागा अधूनमधून बदलतात, दुकानदार मांडणी बदलतो ना तशा. सापडलं नाही तर सेटिंग्जमध्ये वर शोधायची पट्टी असते का पाहा आणि तिच्यात ‘ऑटोप्ले’ लिहा.

यूट्यूबने २०२१ मध्ये १३ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी हा खटका मुळातच बंद ठेवायचं जाहीर केलं. चांगली गोष्ट! पण तुम्ही पाहता आईच्या खात्यावर. बघणारं चौथीत आहे हे यूट्यूबला कसं कळावं?

इन्स्टाग्रामच्या रील्सना मात्र असा खटकाच नाही. २०२४ मध्ये त्यांनी किशोरांसाठी वेगळी खाती काढली, भारतात ती २०२५ मध्ये आली. त्यांत ६० मिनिटं झाली की ‘आता पुरे’ अशी आठवण येते आणि रात्री १० ते सकाळी ७ सूचनांचा आवाज बंद राहतो. पण आठवण ती आठवणच. ती बाजूला सारता येते.

“बाई, सगळंच बंद केलं तर नवीन काही सापडणार कसं?” असं आमच्या वर्गातल्या एका पठ्ठ्याने विचारलं. प्रश्न बरोबर होता. त्याला ढोलकीचे बोल शिकवणारे एक काका असेच आपोआप सापडले होते, आणि पोरगा आता खरंच छान वाजवतो. पण ऑटोप्ले बंद केला म्हणून व्हिडिओ नाहीसे होत नाहीत. त्यांची चित्रं दिसतात, नावं दिसतात. वाजवायचं की नाही ते तुम्ही ठरवता, एवढाच फरक. त्याला ते पुरतं पटलं नाही. असो, आठवडाभर करून बघतो म्हणालाय.

एकट्याने जमत नसेल तर गावाने मिळून करायचा मार्गही आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून तो सुरू झाला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा आणि घरोघरचे टीव्ही, मोबाइल दीड तास बंद. मुलं अभ्यासाला बसायची, मोठी माणसं वाचायची, गप्पा मारायची. साडेआठला पुन्हा भोंगा!

आता तुमचं काम. वहीच्या पानावर दोन रकाने आखा. एकावर लिहा ‘मी लावला’, दुसऱ्यावर ‘आपोआप लागला’. आठवडाभर जो जो व्हिडिओ पाहाल त्याची एक एक रेघ योग्य रकान्यात मारा. रविवारी बेरीज करा आणि दोन्ही आकडे पोस्टकार्डावर लिहून मला पाठवा. खोटे आकडे नकोत, मी काही मार्क देणार नाही! घरच्या मोठ्यांचे रकाने आखायचे असतील तर जरूर आखा, पण त्यांना विचारून.

तुमच्या बाई