अनोळखी फुलझाड बांधावर लावण्यापूर्वी

शेतकऱ्याच्या अंगणात चार फुलझाडे असावीत, याविषयी आमचा मतभेद नाही. परंतु शहरातील बंगल्यातून सुंदर दिसेल ती फांदी आणावयाची व नावगाव न विचारता बांधावर रोवावयाची, हा हिंगणा परिसरातील प्रघात आम्हांस घातक वाटतो.

महसुली कामात फेरफाराची नोंद लागलीच प्रमाणित होत नाही. हरकतीकरिता पंधरा दिवसांची मुदत असते. जमिनीच्या कागदाबाबत जी सावधगिरी, ती जमिनीत रुजणाऱ्या झाडाबाबत का नसावी?

रायमुनिया, जिला अन्यत्र घाणेरी म्हणतात, ती १८०९ साली कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात शोभेकरिताच आणली गेली. पाखरांनी तिचे बी पसरविले आणि आज तिने रानेच्या राने व्यापली आहेत. तिचा पाला खाल्लेल्या जनावराचे यकृत बिघडते, कावीळ होते व उन्हाने कातडी सोलते. अमेरिकेतूनच आलेला बेशरम फुलांसाठी व कुंपणासाठी लावला गेला. त्याचा तोडलेला दांडा ओल्या मातीत पडला तरी मूळ धरतो; त्याच्या पाल्याची चटक लागलेल्या शेळ्या लटपटू लागतात.

परके म्हणून झाड वाईट, असे आमचे म्हणणे नव्हे. दसऱ्याचा झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच. दोष आहे तो ओळख करून न घेण्याचा.

ओळखीकरिता पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, खोड गोल की चौकोनी, तोडल्यावर चीक येतो काय, वास व फळ कसे, हे टिपावे. चीक डोळ्यांस लागू देऊ नये. फुलासह डहाळी रद्दी कागदात दाबून वाळवावी. वाळल्यावर रंग फिका पडतो, म्हणून फुलाचा रंग, तारीख व झाडाची उंची सोबत लिहून ठेवावी. नागपुरास १९०६ साली स्थापन झालेले कृषी महाविद्यालय आहे. तेथील वनस्पतिशास्त्राच्या जाणकारांस ती दाखवावी.

तोपर्यंत रोप कुंडीतच, गोठ्यापासून दूर ठेवावे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तीत शेणखत व रेती मिसळावी आणि तळाचे भोक मोकळे ठेवावे. एक पावसाळा व एक उन्हाळा पाहावा. आजूबाजूस बी आपोआप उगवू लागले, तर ते झाड जमिनीत उतरवू नये. छाटलेल्या फांद्या नाल्यात अथवा उकिरड्यावर टाकू नयेत.

बांध दोन शेतांचा असतो. त्यावर झाड लावणाऱ्यास त्याचे नाव व गुणदोष शेजाऱ्यास सांगता आलेच पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.