वयाच्या मानाने

ऐंशीच्या घरातल्या माणसाची चौकशी केली की आपल्याकडे एक उत्तर ठरलेलं असतं : 'वयाच्या मानाने ठणठणीत आहेत हो!' २०२३च्या ऑक्टोबरात रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा 'हॅकनी डायमंड्स' हा अल्बम आला, तेव्हा त्यावरची परीक्षणं वाचताना मला सारखं हेच ऐकू येत होतं.

स्वतःच्या नव्या गाण्यांचा त्यांचा आधीचा अल्बम २००५चा. मधल्या काळात, २०२१मध्ये, ड्रमर चार्ली वॉट्स गेला. गायक मिक जॅगर ऐंशीचा झालेला, गिटारवादक कीथ रिचर्ड्स दोन महिन्यांनी होणार. अशा वेळी समीक्षकाचीही पंचाईतच. कौतुक करावं तर भिडेखातर वाटतं, टीका करावी तर म्हाताऱ्यांना छळल्यासारखं. मग जुनी फूटपट्टी बाहेर निघते : '१९७८च्या सम गर्ल्सनंतरचा सर्वोत्तम', फार तर '१९८१च्या टॅटू यूनंतरचा'. दर नव्या अल्बमला कोणी ना कोणी हे प्रशस्तिपत्र देतंच. पिचफोर्कसारख्या एखाद्या संगीत-संकेतस्थळाने नाक मुरडलं, बाकी बहुतेकांनी पाठ थोपटली.

या पाठ थोपटण्यावर माझा फारसा विश्वास नाही. २००१मध्ये जॅगरच्या एकट्याच्या 'गॉडेस इन द डोअरवे'ला 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाचे संस्थापक यान वेनर यांनी स्वतः पाच तारे बहाल केले होते. आज तो कोण ऐकतं? उलट आता डोक्यावर घेतला जाणारा 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट' १९७२मध्ये आला, तेव्हा बऱ्याच जणांना तो गढूळ, पसरट वाटला होता. अर्थात मी तरी कुठला शहाणा! २००३च्या एप्रिलमध्ये स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले. 'साठीला आलेत, आता काय उरलंय' म्हणून मी तिकीटच काढलं नाही.

'हॅकनी डायमंड्स' म्हणजे पूर्व लंडनच्या बोलीत फुटलेल्या काचांचा रस्त्यावर पडलेला चुरा. पण अल्बमला ना कुठे तडा, ना ओरखडा. तिशीतल्या अँड्र्यू वॉट या निर्मात्याने सगळं असं घासूनपुसून चकचकीत केलंय की जॅगरचा आवाज पन्नाशीतला वाटावा. पाहुणेही भारी : पॉल मॅकार्टनी, एल्टन जॉन, स्टीव्ही वंडर, लेडी गागा. लग्नाला मंत्री आले म्हणजे जेवण चांगलं असतं, असं थोडंच आहे! दोन गाण्यांत मात्र चार्लीने जाण्याआधी वाजवलेले ड्रम्स आहेत. तिथे ताल किंचित मागे रेलतो आणि मी कामातून मान वर करतो.

सगळ्यात शेवटी ब्लूज गायक मडी वॉटर्सचं १९५०चं गाणं येतं. बँडचं नाव त्या गाण्यावरूनच पडलं. १९६१मध्ये डार्टफर्ड स्टेशनवर मिक आणि कीथची गाठ पडली, तेव्हा मिकच्या काखेत मडी वॉटर्सचीच रेकॉर्ड होती. इथे पाहुणे नाहीत, ड्रम्स नाहीत. एक गिटार, एक माऊथ ऑर्गन, दोघंच. संधिवातामुळे वाजवण्याची ढब बदलावी लागली, हे कीथने स्वतःच सांगितलंय. त्या गाण्यात बोटं तारेवर जरा रेंगाळतात, घासतात. वॉटने तेवढं पुसलेलं नाही.