पनवेलचे खारे भात जगाच्या कामाचे



पनवेल तालुक्यात भातशेती उरलीच कुठे, मग इथल्या खारभूमी संशोधन केंद्रावर सरकारने पैसा का घालावा, असे आता लोक उघड विचारतात. पळस्पे फाट्यावर उभे राहून गोदामे आणि टॉवर पाहिले की हे म्हणणे कोणालाही पटेल. मला ते मुळीच पटत नाही.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या या केंद्राने पनवेल-१, २ आणि ३ हे खारट जमिनीत तग धरणारे भाताचे वाण दिले. भाताला खार सर्वांत जास्त बाधतो तो रोप कोवळे असताना आणि पुढे फुलोऱ्यात. भाद्रपदात पावसाने ओढ दिली की खाली गेलेले क्षार वर चढतात, सुकत्या चिखलावर पांढरी बुरशी आल्यासारखा थर दिसतो आणि लोंबीतला दाणा पोचट राहतो. खारेपाटातले, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खारट जमिनीतले, हे दुखणे आज बांगलादेशाच्या किनाऱ्यावर आहे, व्हिएतनाममधल्या मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातही आहे. केरळच्या पारंपरिक पोक्काळी भाताचा क्षार सोसण्याचा गुण फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने नव्या वाणांत उतरवला. उद्या आपल्या खारेपाटातल्या पारंपरिक राता भाताचाही असा उपयोग होऊ शकेल. मात्र तो जपणारी, तपासणारी माणसे हवीत.

२०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी लोक उपाशी होते, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. त्यांना आज धान्य दिलेच पाहिजे. पण पुढच्या हंगामाचे काय? नवा वाण शेतात यायला आठ-दहा वर्षे सहज जातात. वर्षावर्षाच्या अनुदानावर हे काम होत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत आवरती घेतली, तेव्हा गरीब देशांच्या पिकांवर तिथल्या विद्यापीठांत चाललेले संशोधन अर्धवट थांबले. आपण तरी हा मार्ग धरू नये.

आणि बियाणे निघाले तरी बांधावर कोण नेणार? सहाय्यक कृषी अधिकाऱ्याचा दिवस पंचनाम्यांत आणि ऑनलाइन अर्जांत जातो. रहू (मोड आणलेले बियाणे) कधी टाकावा, उघाडी (बांधातले पाण्याचे दार) कधी बंद करावी, हे शेतात उभे राहून सांगायला त्याला सवडच मिळत नाही.

राज्य सरकारने कृषी विद्यापीठांतील रिक्त पदे भरावीत, खारभूमी संशोधनाला सलग दहा वर्षांची तरतूद द्यावी आणि मृगाआधी खारेपाटातल्या गावागावांत हे बियाणे पोहोचवावे. आमदारांनी येत्या अधिवेशनातच ही मागणी लावून धरावी, ही विनंती.

– एक वाचक, पळस्पे (ता. पनवेल)