आजीचं नाव हवंय? पण कुठलं?

सध्या आमच्या फॅमिली ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं पूर्ण बंद आहेत. माझ्या मावसबहिणीला बाळ होणार आहे आणि अख्खं खानदान नावं शोधतंय. आधी नेहमीची यादी आली. कियारा, मायरा, अनायरा. (डोळे मिटून कुठलंही उचला, शेवटी 'रा' निघतोच!) मग ताईने जाहीर केलं, "मला काहीतरी जुनं हवंय. विंटेज."

झालं! पैठणी झाली, पितळेचे डबे झाले, आता नावं.

मी ऑफिसात लंचला हा विषय काढला तर लोकांचे डबे तसेच राहिले. मुलींच्या जुन्या नावांवर मत नाही असा प्राणी आमच्या फ्लोअरवर नाही. एकीला शकुंतला हे नाव जाम आवडतं, पण उद्या मुलीला कोणी 'शकू' म्हटलं तर ती त्या माणसाशी बोलणार नाही. एकाचं म्हणणं, सुमन, विमल, प्रमिला ही नावं ऐकली की डोळ्यासमोर मुलगी येतच नाही, चष्मा लावलेल्या बाई येतात आणि गृहपाठ विचारतात. संगीता, मनीषा, वैशाली? शक्यच नाही. ती आपल्या आयांची नावं. बॉस, फंडा साधा आहे. आईच्या वयाचं नाव ओल्ड फॅशन्ड, पणजीच्या वयाचं क्लासिक.

त्यातही आपली निवड बघा. नर्मदा नको, रेवा हवं. नदी तीच आहे हो! भागीरथी म्हटलं की नाकं मुरडायची आणि जान्हवी म्हटलं की "वाव!" दोन्ही गंगाच. यमुना नको, कालिंदी चालेल. म्हणजे नावं जुनी हवीत, पण ती ज्या बायकांनी खरोखर वापरली, पाणी भरताना, भाकऱ्या थापताना, ती नकोत. माझं मत विचाराल तर मला भागीरथी आवडतं. चार अक्षरं पूर्ण उच्चारताना जीभ सरळ ठेवावी लागते. आणि हाक मारायला 'भागी' आहेच की.

घरच्या नावांची खरी गंमत तर शेवटच्या अक्षरात. मालतीची 'मालू' झाली की लाड आणि 'माली' झाली की समजायचं, काहीतरी सांडलंय. सुमनची 'सुमी' मैत्रिणींमध्ये, 'सुमे' हे आईने स्वयंपाकघरातून ओरडायला. ठकी, चिंगी, छबू, बेबी यांना तर पाळण्यातल्या नावाशी काही देणंघेणंच नाही. साठी ओलांडलेली बेबी आत्या प्रत्येक घरात एक तरी असते.

अर्थात जुनं म्हणजे सगळंच गोड, असं मुळीच नाही. मुलीवर मुली झाल्या की पुढचीचं नाव 'नकुशी' ठेवायचे. नकोशी! ते शाळेच्या हजेरीपटावरही तसंच चढायचं. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना जाहीर कार्यक्रमात नवी नावं देण्यात आली. काहींनी म्हणे सिनेमातल्या हिरॉइनचं नाव घेतलं. बरोबरच केलं.

असो. तर ताईच्या विंटेज शोधात शेवटी 'रमा' फायनल झालं. दोन अक्षरी, क्यूट आणि मुख्य म्हणजे आमच्या आजीचं नाव. आजी सत्त्याऐंशी वर्षांची. ती खूश होईल म्हणून आम्ही दोघी रविवारी पेढे घेऊनच गेलो.

आजीने पेढा घेतला, नाव ऐकलं आणि म्हणाली, "रमा नको बाई. ते माझं नाव नव्हे."

आम्ही बघतच राहिलो. आधार कार्डावर रमा, पासबुकात रमा, आजोबांच्या पेन्शनच्या कागदांवर रमा.

"अगं, ते ह्यांनी ठेवलं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं. मी वाचलं, मान हलवली. आजोबा माधव ना, म्हणून मी रमा. मी गोदावरी. नाशिकची. गोदी म्हणायचे मला."

गोदी! जन्मापासून जिच्या मांडीवर लोळले, त्या बाईचं नाव मला ठाऊक नव्हतं.

घरी येऊन मी जरा शोधाशोध केली, तर ही गोष्ट भलत्याच मोठमोठ्या घरांत सापडली. डॉक्टर आनंदीबाई जोशी मूळच्या यमुना. रमाबाई रानडेही यमुनाच. झाशीची राणी लक्ष्मीबाई माहेरची मनकर्णिका, म्हणजे मनू, आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकसुद्धा मनकर्णिकाच. दोन यमुना, दोन मनकर्णिका, सगळ्यांची नावं लग्नात बदललेली. आज आपण हौसेने 'आनंदी' आणि 'रमा' ठेवतो ना, ती यांची सासरची नावं! मला त्यातल्या त्यात बाळूताई खरे आवडल्या. त्यांनी १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' छापताना विभावरी शिरूरकर हे नाव स्वतःच घेतलं. पुढे लग्नानंतर त्या मालती बेडेकर झाल्या, पण मधलं एक नाव तरी त्यांचं स्वतःचं.

आजीला असा चान्स कुठला? ती रमा झाली, मग वहिनी, मग काकू, मग आई, मग आजी. गोदी म्हणणारा शेवटचा माणूस तिचा धाकटा भाऊ. तो २०२१ मध्ये गेला. "त्यानंतर कोणी नाही," ती म्हणाली आणि पेढ्यांचा बॉक्स बंद करून बाजूला ठेवला.

पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो. ताईने सांगितलं की १ मे २०२४ पासून नियम बदललाय, त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव.

"आईचं कुठलं?" आजीने विचारलं. "माहेरचं की सासरचं?"

"माझं एकच आहे गं आजी."

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ठेवा गोदावरी. पण उद्या तिचं लग्न ठरलं तर तांदळाचं ताट कोणी पुढे करायचं नाही. मी नसेन तेव्हा, म्हणून आत्ता सांगतेय."

हे ती ताईकडे नाही, आमच्या जिजाजींकडे बघून म्हणाली. ते एवढ्या जोरात "हो आजी" म्हणाले की शेजारच्या काकू डोकावल्या.

मुलगा झाला तर काय, याचा विचार अजून कोणीही केलेला नाही. आणि ग्रुपवर ताईच्या भावाने जन्माआधीच भाचीला 'जीडी' करून टाकलंय.