नव्वद टक्के पूर्ण!

"सर, नव्वद टक्के काम झालंय!" हे वाक्य आपल्या कॉलेजात प्रत्येकाने एकदा तरी गाइडच्या तोंडावर फेकलेलं असतं. गाइडही ते ऐकून गालातल्या गालात हसतात, कारण उरलेल्या दहा टक्क्यांत काय दडलंय ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. जे जमत नाही, तेच उरलेलं असतं!

सबमिशनच्या बाबतीत हे खपून जातं. पण रस्ते, पूल आणि सायकल ट्रॅक बांधणारी मोठी माणसं हेच वाक्य बोलतात तेव्हा मला राग येतो. इलेक्ट्रिकलवाल्यांनो, तुम्हीच सांगा. सिरीज सर्किटमध्ये दहापैकी नऊ वायर जोडल्या तर बल्ब नव्वद टक्के पेटतो का? नाही ना? सायकलचा रस्ताही सिरीज सर्किटच असतो, असं माझं मत आहे. आणि हे मला एका रेल-ट्रेलवर सायकल चालवताना पटलं.

रेल-ट्रेल म्हणजे काय, ते आधी सांगते. मी पडले कॉन्व्हेंटवाली. शुद्ध मराठी शब्द शोधायला गेले तर 'लोहमार्ग-पायवाट' असलं काहीतरी हाती लागेल, त्यापेक्षा रेल-ट्रेलच बरं. बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ उखडून त्याच पट्ट्यावर सायकल आणि पायी चालण्यासाठी केलेला रस्ता, तो रेल-ट्रेल. सिव्हिलवाल्यांना यातली गंमत लगेच कळेल. रेल्वेला चढ झेपत नाही. बोरघाटासारख्या अवघड घाटातसुद्धा चढ ३७ मीटरला १ मीटर एवढाच आहे. सपाट मुलखात तर तो याहून कितीतरी कमी ठेवतात. त्यासाठी आधीच्या इंजिनिअरांनी डोंगर कापले, भराव घातले, बोगदे खणले, पूल बांधले. रेल्वे गेली, तरी हा सगळा खटाटोप मागे राहिला, आणि तो सायकलवाल्याला आयता मिळाला. शिवाय रेल्वेच्या पट्ट्यावर चौक कमी, सिग्नल कमी. आपल्यासारख्या धाप लागणाऱ्या लोकांसाठी याहून चांगला रस्ता कुठला?

अमेरिकेत ही कल्पना चांगलीच रुजली. शिकागोच्या उपनगरांत धावणारी एक इलेक्ट्रिक रेल्वे १९५७ साली प्रवाशांसाठी बंद पडली. पुढे १९६३ मध्ये मे वॉट्स नावाच्या निसर्ग-अभ्यासक बाईंनी 'शिकागो ट्रिब्यून'ला पत्र लिहून त्या ओसाड पट्ट्यावर पायवाट करा असं सुचवलं. आज तिथे जवळपास १०० किलोमीटरचा 'इलिनॉय प्रेअरी पाथ' आहे. एका पत्रातून! मग १९८३ मध्ये तिकडच्या संसदेने कायद्यात एक हुशारीची दुरुस्ती केली. बंद रेल्वेचा पट्टा तुकडे पाडून विकायच्या ऐवजी भविष्यात पुन्हा रेल्वेला लागेल म्हणून अखंड राखून ठेवायचा, आणि तोपर्यंत त्यावर ट्रेल करायचा. याला ते 'रेलबँकिंग' म्हणतात. म्हणजे जमिनीची फिक्स्ड डिपॉझिटच म्हणा ना!

आता माझ्या ट्रेलविषयी. माझी आत्या वॉशिंग्टनला लागून असलेल्या मेरिलँडच्या उपनगरात राहते. २०२४ च्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेले होते तेव्हा 'कॅपिटल क्रेसेंट ट्रेल'वर मनसोक्त सायकल चालवली. ही मूळची जॉर्जटाउनला कोळसा पोचवणारी मालगाडीची शाखा. शेवटची गाडी १९८५ मध्ये धावली. १९८८ मध्ये तिथल्या काउंटीने मेरिलँडमधला पट्टा साधारण १ कोटी ५ लाख डॉलरला विकत घेतला. जॉर्जटाउन ते बेथेस्डा हा ११ किलोमीटरचा डांबरी रस्ता १९९६ मध्ये पूर्ण झाला. पोटोमॅक नदीच्या काठाने निघायचं, कालव्यावरचा जुना रेल्वेपूल ओलांडायचा, १९१० सालच्या डेलकार्लिया बोगद्यातून थंडगार हवा खात बाहेर पडायचं... बेथेस्डापर्यंत सतत थोडा थोडा चढ आहे, पण तो पायांना जाणवतच नाही. गुडघे दुखणारे आजोबा, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, ट्रेनिंग व्हील लावलेली पोरं, सगळे त्या रस्त्यावर!

आणि मग बेथेस्डा येतं, आणि रस्ता संपतो.

खरं तर तो तिथे संपायचा नाही. पुढे सिल्व्हर स्प्रिंगपर्यंत साधारण ६ किलोमीटर जुना रेल्वेचाच पट्टा आहे, आणि त्यावर बारीक खडीचा तात्पुरता ट्रेल होताही. सप्टेंबर २०१७ मध्ये तो बंद केला, कारण त्याच पट्ट्यातून 'पर्पल लाइन' नावाची नवी हलकी रेल्वे जाणार आहे. रेल्वेबरोबर शेजारी पक्का ट्रेलही बांधून मिळणार, असं वचन आहे. मी गेले तेव्हा तिथे कुंपण होतं, पलीकडे मशिनं होती आणि आम्हाला गाड्यांच्या रस्त्यांवरून वळवणाऱ्या पाट्या होत्या. आत्याचं ऑफिस सिल्व्हर स्प्रिंगला. घर बेथेस्डाजवळ. सायकल गॅरेजमध्ये, आणि आत्या रोज गाडीने. का, असं विचारलं तर म्हणाली, "अगं, रविवारी नदीकडे जाते की मी सायकलने! पण ऑफिसच्या बाजूला नाही. त्या गाड्यांमधून मला भीती वाटते बाई."

इथेच माझा मुद्दा सुरू होतो. अपुऱ्या तुकड्याचा त्रास सगळ्यांना सारखा होत नाही. हेल्मेट-गॉगल घालून सुसाट जाणारा सायकलपटू गाड्यांच्या गर्दीतूनही वाट काढतो. थांबतात ते आत्यासारखे लोक, लहान मुलं, म्हातारी माणसं. म्हणजे ज्यांच्यासाठी वेगळा रस्ता बांधला, नेमके तेच गळतात. मग कोणीतरी आकडे काढून म्हणायला मोकळा की "बघा, सायकल कोण वापरतंय? शौकीन लोक!"

दुसरा मुद्दा. हा तुकडा अडला कशामुळे? तिथे डोंगर नाही, दरी नाही. हे बांधकाम आपल्या कुठल्याही फायनल इयरच्या मुलाला कागदावर डिझाइन करता येईल. अडलं ते माणसांमुळे. पट्टा जातो चेव्ही चेजसारख्या श्रीमंत वस्तीतून, एका कंट्री क्लबच्या गोल्फ कोर्समधून. रेल्वे नको म्हणून वर्षानुवर्षं विरोध झाला. ट्रेलप्रेमींची एक संस्था आणि दोन रहिवासी कोर्टात गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये कोर्टाने प्रकल्पाची मंजुरी रद्द केली, जुलै २०१७ मध्ये वरच्या कोर्टाने ती परत दिली. मग २०२० मध्ये पैशाच्या वादातून बांधकाम कंत्राटदारच काम सोडून गेला आणि नवा यायला २०२२ उजाडलं. पर्पल लाइन सुरू व्हायची तारीख आता २०२७-२८ च्या हिवाळ्यात गेली आहे. झाडं तोडू नका म्हणणाऱ्यांचं चूक होतं असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच की जिथे माणसांशी बोलून काही ठरवायचं होतं, तिथेच सगळं रखडलं. काँक्रीटचा त्यात काही दोष नाही.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं पुराण आम्हाला कशाला? तर मुंबईत या. इथे रेल्वे बंद पडत नाही (पावसात पडते, पण ते वेगळं!). पण रेल्वेसारखाच लांबच लांब पट्टा आपल्याकडेही आहे. तो म्हणजे तानसाची पाइपलाइन. तिच्या कडेने मुलुंडपासून सायनकडे ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक करायचं पालिकेने ठरवलं. कल्पना छानच. पण त्या पाइपलाइनला खेटून हजारो झोपड्या होत्या. पाण्याच्या सुरक्षेसाठी पाइपच्या दोन्ही बाजूंना १० मीटर जागा मोकळी करा असा हायकोर्टाचा आदेश होता, आणि मोकळी झालेली जागा पुन्हा व्यापली जाऊ नये म्हणून ट्रॅक. इथवर ठीक. पण उठवलेल्या कितीतरी कुटुंबांना पाठवलं कुठे? माहुलला, रिफायनऱ्यांच्या शेजारी! तिथली हवा गावकऱ्यांच्या तब्येतीला धोक्याची आहे असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलं होतं. शेवटी २०१९ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की लोकांना माहुलला जायची सक्ती करू नका, त्याऐवजी महिना १५,००० रुपये भाडं द्या.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. मेरिलँडमध्ये पट्ट्याच्या कडेला पैसेवाले होते, म्हणून प्रकल्प कोर्टात अडकला. मुंबईत पट्ट्याच्या कडेला गरीब होते, म्हणून माणसं हलली. पाइपलाइनलगतच्या लोकांना आधी नीट घरं मिळाली असती, तर त्या ट्रॅकवर सायकल चालवायला मला जास्त आनंद झाला असता. दुसऱ्याच्या घरावरून सायकल चालवणं म्हणजे पर्यावरणप्रेम नव्हे, हे आपण 'ग्रीन' 'ग्रीन' म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवं.

आता कोणी म्हणेल, मग काय, सगळं पूर्ण होईपर्यंत काहीच उघडू नये का? तसं अजिबात नाही. जॉर्जटाउन-बेथेस्डा तुकडा आधी उघडला म्हणून तर लोकांना ट्रेलची चटक लागली, पुढच्या तुकड्यासाठी भांडणारी माणसं तयार झाली. पण तो तुकडा कुठून तरी निघतो आणि कुठे तरी पोचतो. एका टोकाला बाजारपेठ, दुसऱ्या टोकाला बाजारपेठ. आपल्याकडे बीकेसीत २०११ मध्ये सायकल ट्रॅक झाला. तो बीकेसीच्या आतल्या आतच फिरत होता. स्टेशनवरून तिथे सायकलने सुखरूप यायचं कसं? मग ट्रॅकवर गाड्या पार्क व्हायला लागल्या, आणि दोष सायकलला!

म्हणून माझ्या साध्या मागण्या. एक, ट्रॅकचे किलोमीटर मोजताना नुसती बेरीज करू नका. न उतरता, न घाबरता सलग किती जाता येतं ते सांगा. दोन, सगळ्यात अवघड तुकडा सगळ्यात आधी हातात घ्या. कंत्राटदाराचं बिल मीटरवर निघतं, त्यामुळे सोपे मीटर भराभर होतात आणि पूल, चौक, वस्ती मागे राहते. हे बदलता येईल. जोडणारा तुकडा झाल्याशिवाय मोठा हप्ता द्यायचाच नाही असं कंत्राटातच लिहा की! तीन, तुकडा बंद करायचाच असेल तर पर्यायी रस्ता असा द्या की दहा वर्षांच्या मुलाला त्यावरून एकटं सोडता येईल. नुसत्या पाट्या ठोकून भागत नाही. चार, त्या तुकड्यावर राहणाऱ्यांचं आधी ठरवा, मग सर्व्हेची दुर्बीण लावा.

मित्रांनो, दोन-चार वर्षांनी आपल्यातलेच काहीजण मेजरमेंट बुकवर सह्या करणार आहेत. त्यात लांबी, रुंदी, जाडी यांचे रकाने असतात. 'पोचता येतं का?' हा रकाना नसतो. तेवढं एकदा स्वतः सायकलवर बसून तपासा, आणि मगच सही करा.