आपण मेल्याशिवाय

धरमपेठेत कधीच तुटवडा न पडलेली एकमेव वस्तू म्हणजे फुकटचा सल्ला. लक्ष्मीभुवन चौकात उभे राहून नुसते "गुडघा दुखून राहिला बाप्पा" असे म्हणा. पाच मिनिटांत तीन डॉक्टर, दोन तेले आणि एक बाबा पदरात पडतो. आमच्याकडे ट्रॅफिक पार्कही आहे. आत पोरांना सिग्नल कसा पाळावा ते समजते आणि फाटकाबाहेर आल्यावर तीच पोरे बापाच्या स्कूटरवर मागे बसून, तो कसा मोडावा, हे पाहतात. निदान खेळाने तरी या रोगातून सुटावे की नाही? छे!

आमच्या भाच्याने 'एल्डन रिंग' नावाचा खेळ आणला. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीने तो फेब्रुवारी २०२२ मध्ये काढला. हिदेताका मियाझाकी त्याचे दिग्दर्शक आणि त्या जगाचे पुराण रचायला जॉर्ज आर. आर. मार्टिन. जग मोकळे, कुठेही जा, कुठेही मरा. सोपे, मध्यम, कठीण अशी निवड नाही, सगळ्यांना एकच पेपर. पण भाचा खेळायचे सोडून 'नवख्यांसाठी पन्नास सूचना' वाचत बसलेला.

"वाचून काऊन राहिला? खेळ ना!"

"मामा, आधी वाचून घेतो. म्हणजे मरायचं काम नाही."

अरे, मरायचे नाही तर हा खेळ घेतलास कशाला? पहिले दार उघडून उजेडात आले की समोर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार हिंडत असतो. नवखा आवेशाने धावतो आणि संपतो. पुन्हा धावतो, पुन्हा संपतो. चार-पाच मरणांनंतर त्याला उमगते, की मैदान मोठे आहे, वळसा घालता येतो, आणि या गृहस्थांची भेट बळ वाढल्यावर घेतलेली बरी. सूचनेत हे एका ओळीत मिळते : 'त्याच्याशी लढू नका.' ती वाचणारा एक घोडेस्वार चुकवतो. मरून शिकलेल्याला पुढचे सगळे घोडेस्वार लांबून ओळखता येतात. नोकरीला लागल्यावर ऑफिसातलेसुद्धा!

खेळाचा स्वतःचा सल्लादेखील बेतानेच घ्यावा लागतो. विसाव्याच्या जागी सोनेरी तिरीप उठते आणि किल्ल्याकडे बोट दाखवते. आज्ञाधारक बाळ तिकडे जाते आणि दारातच मार्गिट नावाचा राक्षस त्याला सोलून काढतो. उनाड पोर आधी दक्षिणेला भटकते, बळ कमावते आणि मग किल्ला घेते.

आता दुसरी जात. "आम्ही रक्त ओकून शिकलो, तूही शीक," असे म्हणणारे जुने खेळाडू. तेही तितकेच चूक. 'व्हिगर' वाढवला की जीव वाढतो. मेलात की साठवलेले रून तिथेच पडतात, एकदा जाऊन उचलता येतात, पण वाटेत पुन्हा मेलात तर कायमचे गेले, एवढे नवख्याला सांगायलाच हवे. पत्त्यांच्या डावात नव्या भिडूला हुकूम कोणता ते न सांगणे ही काही तपश्चर्या नव्हे, लबाडी आहे. माझे म्हणणे इतकेच, की नियम सांगा, उत्तरे सांगू नका.

या बाबतीत मियाझाकींना माणूस चांगला कळलेला दिसतो. त्यांच्या खेळात कुणीही जमिनीवर इतरांसाठी निरोप ठेवू शकतो, पण ठरावीक शब्द जुळवूनच. कुणी खरोखर सावध करतो, तर कुणी कड्याच्या टोकावर 'उडी मारून पाहा' असे लिहून ठेवतो. आणि दुसऱ्याने निरोपाला दाद दिली, की लिहिणाऱ्याचा जीव भरून येतो. सल्ल्याने प्रकृती सुधारते ती देणाऱ्याची, हे धरमपेठेतल्या कोणत्याही कट्ट्यावर सिद्ध होण्यासारखे सत्य आहे.

हसू नका, गोष्ट साधी नाही. आपण पोरांना पहिलीपासून गाइड दिले, दहावीला अपेक्षित प्रश्नसंच दिला, बारावीला शिकवणी लावली. हरण्याची सोय तेवढी कुठे ठेवली नाही. चाळीसदा पडावे, आणि शेजारचे काका "कितवा आला?" असे विचारायला येऊ नयेत, अशी जागा आपल्या घरांत उरली आहे काय? या खेळात ती आहे. मेल्यावर तो फक्त 'मेलास' एवढे सांगतो आणि पुन्हा उभा करतो. टोमणा नाही, शेजाऱ्याच्या मुलाचे उदाहरण नाही. त्या एवढ्याशा जागेतही आपण पन्नास सूचनांचे गाइड घुसवायचे?

आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही, असे आपल्याच वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. तेव्हा मामा, काका, आत्या, मावशी यांना माझी एकच सूचना : पोराला सुखाने मरू द्या. आणि खुर्चीमागे उभे राहून "डावीकडे वळ बे!" असे ओरडू नका.