बीजाणूचा अंगरखा जपा

श्रावणात चिखली-मेहकर भागात सलग ढगाळ, दमट दिवस गेले की सोयाबीनच्या शेंड्यावर खडूसारख्या पांढऱ्या, कडक झालेल्या अळ्या चिकटलेल्या दिसतात. पुढे त्यांच्यावर फिकट हिरवी भुकटी चढते. ही नोमुरिया रिलाई बुरशी. मरण्यापूर्वी अळी वर चढते आणि तिथून बीजाणू वाऱ्याने शेतभर पसरतात. पंप न उचलता झालेली ही फवारणी! मग हीच बुरशी किंवा बिव्हेरिया, मेटाऱ्हायझियम या किडी मारणाऱ्या इतर बुरशी पुड्यातून नेल्यावर शेतकरी 'काही फरक पडला नाही' असे का सांगतो? उत्तराचा मोठा भाग बीजाणूच्या पृष्ठभागावर आहे.

हवेत तयार होणाऱ्या बीजाणूवर हायड्रोफोबिन या प्रथिनांचा थर असतो. नेदरलँड्समधील वेसेल्स यांच्या गटाने १९९१ मध्ये त्यांना हे नाव दिले. साधारण शंभर अमिनो आम्लांची ही प्रथिने एकमेकांत गुंफून पाण्याला दूर ठेवणारे आवरण विणतात. त्यामुळे बीजाणू सुटे राहतात, वाऱ्याने उडतात आणि अळीच्या मेणचट त्वचेला धरतात. बिव्हेरियातील अशा प्रथिनांची दोन जनुके काढून टाकल्यावर बीजाणूंची पकडही सैल झाली आणि मारकताही घटली, हे २०११ च्या अभ्यासात दिसले. मेटाऱ्हायझियमकडे तर चिकटण्यासाठी वेगळी प्रथिने आहेत : एक किडीच्या त्वचेसाठी, दुसरे वनस्पतीसाठी.

उत्पादकांनी यातून काय घ्यावे? पुड्यावरचा सीएफयूचा (वाढू शकणाऱ्या जिवंत एककांचा) आकडा म्हणजे सगळी गुणवत्ता नव्हे. टाकीतल्या द्रव माध्यमात वाढलेल्या पातळ भिंतीच्या पेशींना हवेतल्या बीजाणूसारखे आवरण नसते. तांदळावर वाढवलेला बीजाणू आणि ही पेशी एकाच मापाने मोजू नयेत. तांदळाच्या पोत्यात दुसरी बुरशी शिरली असेल तर तो लॉट टाकून द्यावा. कारण ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीच्या बीजाणूवरचे असेच आवरण त्याला आपल्या प्रतिकारशक्तीच्या नजरेआड ठेवते, हे २००९ मध्ये सिद्ध झाले आहे. म्हणून भुकटी भरणाऱ्या कामगाराच्या तोंडावर मास्क हवाच.

विक्रेत्यांनी आणि कृषी अधिकाऱ्यांनी शेतकऱ्याला एक गोष्ट समजावून सांगावी. भुकटी बादलीत वर तरंगली म्हणजे माल खराब नाही. पाणी नाकारणे हा बीजाणूचा स्वभावच आहे. आधी थोड्या पाण्यात स्प्रेडर घालून पेस्ट करावी, मग पाणी वाढवावे, गाळावे आणि लगेच फवारावे. मात्र हे आवरण उन्हातल्या अतिनील किरणांपासून बीजाणूला वाचवू शकत नाही. म्हणून फवारणी संध्याकाळी, जमिनीत ओल आणि हवेत दमटपणा असताना करावी. टाकीत बुरशीनाशक मिसळू नये. दुकानात पुडे पत्र्याखाली तापू देऊ नयेत.

येत्या खरिपाआधी प्रत्येक उत्पादकाने लॉटगणिक बीजाणूंची उगवण तपासावी आणि ती तारखेसह पुड्यावर छापावी. सोयाबीनच्या शेंड्यावर निसर्ग जे काम चोख करतो, ते आपल्या पुड्यातूनही व्हायला हवे. शेतकऱ्याचा जैविक औषधावरचा विश्वास आपल्याच हातात आहे.